बुधवारची अंडी

आमच्या घरात राग सगळ्यांनाच पटकन येतो, पण बाबांचा राग वेगळा. आम्ही चिडतो माणसांवर, बाबा चिडतात अंड्यांवर. अंडी कडक झाली की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि ती कडक करणारा समोर असला तर त्याचं काही खरं नसतं.

बाबांनी एकतीस वर्षं एका मोठ्या हॉटेलात नुसता नाश्ता केला. केला म्हणजे खाल्ला नव्हे, बनवला. पहाटे पाचला पांढरी टोपी डोक्यावर, अकराला खाली. दुपारच्या जेवणाशी त्यांचा संबंध नव्हता आणि दुपारच्या स्वयंपाक्यांना ते माणसांत धरत नव्हते. हॉटेलात त्यांना सगळे अंडीमास्तर म्हणत. रोज तीनशेच्या आसपास अंडी त्यांच्या हातून जायची आणि त्यांतली पाच-सात ताटं रोज परत यायची. पाहुणा म्हणायचा, ओली आहेत. वेटर ताट खाली ठेवून दोन पावलं मागे सरकायचा, कारण पुढे काय होणार हे त्याला पाठ होतं. "ओली आणि कच्ची यांतला फरक ज्याला कळत नाही, त्यानं टोस्ट खावा!" असं बाबा भिंतीकडे बघून ओरडायचे आणि मग तीच अंडी चामड्यासारखी करून परत पाठवायचे. एकतीस वर्षं हा अपमान गिळला म्हणून त्यांना पित्ताचा त्रास आहे, असं त्यांचं ठाम मत आहे.

त्यांची सुट्टी बुधवारी असायची. म्हणून आमच्या घरात रविवारला फारशी किंमत नव्हती. बुधवारी सकाळी बाबा आमच्यासाठी स्क्रॅम्बल्ड अंडी आणि बेकन करायचे, आणि आई खुर्चीवर बसून चहा प्यायची. उरलेले सहा दिवस सकाळी तिला बसलेलं मी पाहिलेलं नाही.

बेकन थंड तव्यात ठेवायचं. तवा आधी तापवला तर ते रुसल्यासारखं कडेनं वर वळतं आणि मग सरळ होत नाही. मंद आचेवर त्यानं आपली चरबी सोडत आपलं आपण शिजायचं. आधी ते खूप बडबड करतं. ती बडबड बारीक झाली की चिमट्यानं उलटायचं. बाबा बेकनकडे बघायचेच नाहीत, पाठ फिरवून अंडी फेटत उभे राहायचे आणि कानावरून ओळखायचे. काट्यानं चाळीस फटके. फेस आला तर मोजणाऱ्याची चूक. मग दुसऱ्या तव्यात लोणी, त्यात बेकनची चमचाभर चरबी, आणि त्यावर अंडी. लाकडी उलथण्यानं कडेकडून आत ओढत राहायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अंडी अजून ओली दिसत असतानाच आच थांबवायची. उरलेली ती ताटात जाईपर्यंत आपोआप होतात.

एका हातात तवा आणि दुसऱ्या हातात उलथणं, त्यामुळे शेगडीच्या बटणाला बाबांचा हात मोकळा नसायचा. ते काम माझं होतं. मी सात वर्षांची असल्यापासून बटणाजवळ उभी राहायचे. बाबा म्हणायचे, गॅस बंद कर, की त्याच क्षणी बटण फिरवायचं. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, पाव भाजायचा आणि त्यातही लक्ष नसायचं त्याचं. अंडी ताटात पडली की बाबा हात पुसत म्हणायचे, "चला, दुकान वाढवलं!" आणि मग आम्ही जेवायच्या टेबलाशी धावायचो.

आता चार दशकं झाली या गोष्टीला. आई सहा वर्षांपूर्वी गेली. मी याच शहरात एका छापखान्यात मुद्रितशोधक आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचं माझं काम. दादा दुसऱ्या शहरात असतो. बाबा त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात एकटेच राहतात. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, जीभ सुधारली, उजवा हात मात्र सुधारला नाही. तो आता नुसता बरोबर असतो. डाव्या हातानं बाबा उलथणं चालवतात. बाकी सगळ्यासाठी सकाळी सात ते दोन एक मदतनीस बाई यायच्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, कामाला चोख. बाबा त्यांना 'बाई' म्हणत, त्या बाबांना 'आजोबा' म्हणत. बुधवारी बाबा शेगडीसमोर उभे राहायचे आणि सकाळची सुट्टी घेऊन बटणाजवळ मी असायचे. तव्यालाही हात माझाच.

मागच्या महिन्यात एका बुधवारी मला सुट्टी मिळाली नाही, पहिल्यांदाच बटणाजवळ बाई उभ्या राहिल्या, आणि आग लागली. मोठी नाही, पण लागली. बेकन काढून झालं होतं आणि तव्यात चरबी होती. बाबांनी बाईंना काहीतरी सांगितलं आणि ते न्हाणीघरात गेले. इतक्यात दारावर कुरिअरवाला आला म्हणून बाई सही करायला गेल्या. परत येईपर्यंत तव्यात भडका, आणि खिडकीचा पडदा पेटलेला. शेजारच्यांनी ओली चादर टाकून विझवला. भिंत काळी झाली, पडदा गेला, माणसं वाचली.

मी पोचले तेव्हा बाबा बाईंवर ओरडत होते. "मी गॅस बंद करायला सांगितला होता! खोटारडी बाई आहे ही!" आणि बाई पदर तोंडाला लावून म्हणत होत्या, "नाही हो ताई, आजोबांनीच सांगितलं मोठा कर म्हणून. माझ्या मुलीची शपथ."

आता माणूस कोणावर विश्वास ठेवणार? एकीकडे धडधाकट, शपथ घेणारी बाई. दुसरीकडे झटका येऊन गेलेले चौऱ्याहत्तर वर्षांचे म्हातारे गृहस्थ, तेही संतापलेले. दादानं फोनवर सगळं ऐकलं आणि हळू आवाजात म्हणाला, "डोक्यावर परिणाम झालाय. सांगतात एक, आठवतं एक." मला राग आला, कारण मलाही तसंच वाटलं होतं. बाई दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. खोटारडं म्हटल्यावर कोण येईल?

आणि मग दादानं फॉर्म पाठवला. ज्येष्ठांसाठीची एक निवासी संस्था होती, आवारात बाग, चोवीस तास नर्स. फॉर्म पाच पानी होता. मी सवयीनं त्यातल्या शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्या आणि बाबांसमोर ठेवला. बाबांनी चष्मा लावून तो ओळीनं वाचला. चौथ्या पानावर नियम होता: खोलीत शेगडी, स्टोव्ह अथवा कोणतेही स्वयंपाकाचे साधन ठेवता येणार नाही. पाचव्या पानावर नाश्त्याचं वेळापत्रक होतं. बुधवारी: उकडलेले अंडे, एक.

"उकडलेलं," बाबा म्हणाले. "बुधवारी."

त्या दोन शब्दांत एवढा संताप होता की शेजारच्यांनी टीव्ही बारीक केला.

दादा पुढच्या बुधवारी रजा काढून आला, वहिनीला घेऊन. गुरुवारी सही केलेला फॉर्म द्यायचा होता. मला स्वयंपाकघरात गाठून तो समजावू लागला. दादाला समजावायला फार आवडतं. "हे बघ, भावनेनं विचार करू नकोस. उद्या परत आग लागली तर? शेजाऱ्यांना काय तोंड दाखवायचं?" मी म्हटलं, "तुला शेजारी दिसतात, बाबा दिसत नाहीत." तो म्हणाला, "तू वर्षभर इथे आहेस, तू काय केलंस?" मी भांडी जोरात आपटली.

बाबा आतून ऐकत होते. काठी टेकत आले आणि शेगडीसमोर उभे राहिले. "मी आज नाश्ता करतो," ते म्हणाले. "तुम्ही सगळे बघा. चूक झाली तर दे तो फॉर्म, करतो सही. पण मग माझ्याशी बोलायचं नाही कोणी."

दादानं माझ्याकडे बघितलं. मी दादाकडे बघितलंच नाही.

मी बटणाकडे निघाले, तसा दादा म्हणाला, "तू नको. तू सांभाळून घेशील. हिला उभी करू." ही म्हणजे वहिनी. वहिनी स्वभावानं सरळ आहे, पण वीस वर्षांत बाबांच्या हाताखाली ती कधी शेगडीशी उभी राहिली नव्हती. हे दोघं यायचे ते सणासुदीला किंवा आजारपणाला, आणि ते कधी बुधवारी यायचं नाही. ती पदर खोचून आली. "सांगा बाबा, काय करू?"

बेकन व्यवस्थित झालं. बाबा पाठ फिरवून डाव्या हातानं अंडी फेटत होते, काटा भांड्यावर वाजत होता, आणि मी मनात मोजत होते. चाळीस. बेकनची बडबड बारीक झाली तेव्हा ते न वळताच म्हणाले, "उलट." वहिनीनं चिमट्यानं उलटलं. एकही तुकडा वाकडा नव्हता. दादा हाताची घडी घालून दाराशी उभा होता आणि मला त्याच्या त्या घडीचाही राग येत होता.

लोणी, चमचाभर चरबी, अंडी. बाबा उलथणं कडेकडून ओढत होते. उजवा हात ओट्यावर पडला होता. अंडी जमायला लागली, मऊ, पिवळी, अजून ओली. बाबांचा चेहरा बदलला. तो चेहरा मी सातव्या वर्षापासून ओळखते. आता सांगणार. माझा हात आपोआप पुढे झाला आणि मी तो मागे घेतला.

"गॅस वाढव," बाबा म्हणाले.

वहिनीनं बटण फिरवलं आणि ज्योत भसकन मोठी झाली. अंडी पाच श्वासांत आवळली, कडेनं तपकिरी झाली, खालून धूर निघाला. बाबा किंचाळले, "अगं, बंद करायला सांगितलं ना मी! काय करतेस काय!" वहिनी घाबरून म्हणाली, "बाबा, तुम्हीच म्हणालात ना, मोठा कर म्हणून!"

दादानं हाताची घडी सोडली. "बघितलंस?" तो मला म्हणाला. आवाजात विजय नव्हता, हे कबूल करते. थकवा होता. "अगदी हेच. सांगतात एक, आठवतं एक."

मी जागीच उभी राहिले. माझ्या हातानं तर बटण बंद करायलाच पुढे व्हायचं ठरवलं होतं. बाबांनी तोंडानं काय म्हटलं आणि माझ्या हातानं काय ऐकलं, हे दोन वेगळे शब्द होते. हे माझ्या आजवर लक्षात आलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "वहिनी, ते 'मोठा कर' नाही म्हणाले. ते काय म्हणाले ते जसंच्या तसं सांग."

"वाढव म्हणाले. वाढव म्हणजे मोठाच ना?"

दादाचं तोंड उघडं राहिलं. त्यालाही आठवलं. आमच्या आजीचं, बाबांच्या आईचं, सुईदोऱ्याचं आणि गुंड्यांचं छोटं दुकान होतं. ती संध्याकाळी दुकान कधी बंद करायची नाही, वाढवायची. तिच्या तोंडून 'बंद' हा शब्द दुकानाला, दिव्याला, चुलीला कधी लागला नाही. बंद म्हणजे कायमचं, असं तिला वाटायचं. बांगडी फुटली तरी ती म्हणायची, वाढली. बाबा तिच्याच तोंडची भाषा बोलत मोठे झाले. हॉटेलात नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातून तवा करपायचा आणि दुसऱ्या दिवसापासून तो शिकायचा, मास्तर 'वाढव' म्हणाले की विझवायचं, 'जोर दे' म्हणाले की मोठा करायचा. आणि मी? वर मी काय लिहिलंय बघा: बाबा म्हणायचे, गॅस बंद कर. ते असं कधीच म्हणाले नाहीत. चाळीस वर्षं 'वाढव'च म्हणाले. मी त्याचा अर्थ ऐकत आले आणि शब्द गिळून टाकला. रोज पानंच्या पानं दुसऱ्यांच्या चुका शोधणारी बाई मी, आणि स्वतःच्या बापाचा एक शब्द मला नीट वाचता आला नव्हता. त्या शब्दावरून त्यांचं घर जायला निघालं होतं. मला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि रडायला आलं म्हणून आणखी राग आला.

मी तिथल्या तिथे बाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"बाई, त्या दिवशी बाबा नेमकं काय म्हणाले होते? जसंच्या तसं सांगा."

पलीकडून बाई जरा चिडूनच म्हणाल्या, "वाढव म्हणाले. बाई, गॅस वाढव. मी वाढवला. आता अजून किती वेळा सांगू?"

बाबा खुर्चीत बसले. करपलेल्या अंड्यांचा तवा समोर होता आणि ते त्याच्याकडे बघत नव्हते. "म्हणजे ती खोटं बोलत नव्हती," ते म्हणाले.

"तुम्हीही नव्हता," मी म्हटलं.

"मग मी तिला काय काय बोललो!" आणि ते परत चिडले, या वेळी स्वतःवर, आणि ते जास्त वाईट होतं. फोनकडे वाकून ते ओरडले, "बाई! उद्यापासून या! चूक माझी आहे! मी तुम्हाला जे म्हणालो, ते मीच आहे!" बाईंनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ओरडू नका आजोबा, ऐकू येतंय मला. सोमवारी येते."

दादा अजूनही दाराशीच होता. मला वाटलं होतं तो माफी मागेल. तो म्हणाला, "ठीक आहे, शब्दाचा घोळ झाला. पण आज हा शब्द, उद्या दुसरा कुठला निघाला तर? बाई बदलली तर? दर वेळी नव्या माणसाला हा शब्दकोश कोण शिकवणार?"

मग माझा तोल गेला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. त्याच्या बागेबद्दल बोलले, चोवीस तासांच्या नर्सबद्दल बोलले, तो लहानपणी पाव करपवायचा त्याबद्दलही बोलले. "त्यांना विसर पडला नाहीये, तुला पडलाय! तू या घरात वाढलास आणि तुला आजीची भाषा आठवायला आग लागावी लागली!" वहिनी मध्ये पडली नाही. दादाही ओरडला. दोघंही एकाच वेळी बोलत होतो, त्यामुळे कोणाचंच कोणाला ऐकू जात नव्हतं.

"गप्प बसा!" बाबा म्हणाले. ते उभे राहिले होते. "करपलेलं पोटात ढकलून कोणी माझ्या घराचा निकाल लावायचा नाही. परत करतो. सूनबाई, तवा धू."

वहिनीनं तवा धुतला. पुन्हा सहा अंडी, पुन्हा चाळीस फटके, पुन्हा लोणी. आम्ही दोघं भावंडं शिक्षा झाल्यासारखी भिंतीला टेकून उभी होतो. अंडी जमायला लागली. वहिनीचा हात बटणावर होता आणि तिची नजर बाबांच्या तोंडावर. बाबांचा तोच चेहरा झाला. ओठ हलले, 'व'वर आले, आणि तिथेच थांबले. अंडी तव्यात होती, एक श्वास उशीर चालत नाही, आणि बाबा थांबले होते. मी उभ्या आयुष्यात त्यांना शेगडीसमोर थांबलेलं पाहिलं नव्हतं.

"बंद," बाबा म्हणाले. "बंद कर."

वहिनीनं बटण फिरवलं आणि तवा ताटांवर तिरका धरला. अंडी ओली, मऊ, चकचकीत निघाली, शेजारी बेकनच्या दोन-दोन पट्ट्या. दादानं खाल्लं, परत घेतलं, आणि पावाच्या तुकड्यानं ताट पुसून काढलं. मग उठून फॉर्म टेबलावरून उचलला, चौपदरी घडी घालून पिशवीत टाकला, आणि म्हणाला, "हॉटेलात लोक ही परत पाठवायचे?"

"मूर्ख होते," बाबा म्हणाले.

बाई सोमवारपासून यायला लागल्या. पडदा नवा आहे, भिंतीला रंग दिला आहे. दादा दर आठवड्याला फोन करतो आणि फॉर्मचं नाव काढत नाही. सगळं ठीक झालं आहे, असं जो तो म्हणतो, आणि जो तो म्हणतो म्हणूनच मला राग येतो. अंडी ताटात पडल्यावर 'दुकान वाढवलं' म्हणणंही बाबांनी सोडून दिलंय. नुसते हात पुसतात.

गेल्या बुधवारी मी सुट्टी घेऊन गेले आणि बाईंना चहा देऊन बसवलं. बटणाजवळ मी उभी राहिले. अंडी जमायला लागली तेव्हा मी हळूच म्हटलं, "बाबा, आज मी आहे. मला नेहमीसारखं सांगा ना. मला कळतं."

"नको," ते म्हणाले. उलथणं चालूच होतं. "या वयात जिभेला दोन सवयी नकोत. एखाद्या दिवशी बाईंसमोर चुकून तोच शब्द जाईल, आणि परत तुम्ही सगळे गोळा व्हाल." मग तव्याकडे बघत, आजीनं कधी चुलीजवळ येऊ दिला नसता तो शब्द ते माझ्यासमोर म्हणाले.

"बंद."

मी केला बंद.